दोन्ही आवाज माझेच

वीरा देसाई रोडच्या मागल्या गल्लीत, तळघरात,
एसी बंद करून
मी दोन साळिंदरांची भांडणं करते.
चिमटी थोरली, धोंडू धाकटा.
मूळ भाषा कुठली, मला नीट माहीत नाही,
बहुतेक कोरियन.
तोंडं उघडतात, मिटतात, त्यात मराठी बसवायची.
आधी सगळी चिमटी, मग चहा, मग सगळा धोंडू,
कारण गळा बदलायला वेळ लागतो
आणि निर्मात्याला दोन माणसं परवडत नाहीत.

म्हणजे चिमटी किंचाळते तेव्हा समोर कुणीच नसतं.
तासाभरानं धोंडू तिला उलटून बोलतो,
तोवर ती संपलेली,
उरलेली फक्त माझ्या घशात, खरखर.

भांडण कशावरही. शेवटचं बोर.
ढोलीतली खिडकीकडची जागा.
आईनं आधी कुणाचे काटे विंचरले.
अकराव्या मिनिटाला दोघं कड्यावरून पडतात,
पापडासारखी चपटी होतात,
फुर्रकन पुन्हा फुगतात
आणि बोर अर्धं अर्धं.
इम्तियाज म्हणतो, ताई, ओके, पुढचा लूप.

आमच्याकडे बोर म्हणजे
कन्नमवार नगरातली दोनशे वीस फुटांची खोली
आणि बिल्डरच्या कागदावर दोन सह्या.
भाल्यानं केली, मी नाही केली.
मग मी केली, तर त्यानं मागे घेतली.
आईच्या वर्षश्राद्धाला समोरासमोर बसून
आम्ही गुरुजींमार्फत मीठ मागितलं.
सहा वर्षं झाली.
कड्यावरून पडून झालं, चपटं होऊन झालं,
फुगायचं राहिलंय.

एकदा एक वाक्य काही केल्या बसेना.
चिमटीचं तोंड दोनदाच हलत होतं
आणि कागदावर लिहिलेलं:
मी तुझ्याशी यापुढे कधीही बोलणार नाही.
मी म्हटलं, खोड ते सगळं.
कट्टी.
दोन अक्षरं, अशी चपखल बसली
की इम्तियाजनं काचेमागून करंगळी दाखवली.

त्याच भागात धोंडूला एक शिंक होती, साधी.
मी काही ठरवलं नव्हतं.
निघाली ती भाल्याची:
तीन बारक्या, मग थांबा,
सगळं घर वाट बघतंय,
आणि मग चौथी, जिच्यानं
खालची कुत्री भुंकायला लागायची.

परवा संध्याकाळी फोनवर त्याचं नाव.
फोन नव्हे, आवाजाची सहा सेकंदं.
मागे त्याच्या नातीचा टीव्ही, कुकरची शिट्टी.
"कुंदे, तिसरी नि चौथीच्या मधे एवढा वेळ नसतो.
चुकीचं शिंकतेस."
बस.
ना कशी आहेस, ना सही, ना खोली.
पन्नाशी उलटली तरी ताई म्हणत नाही.

मला इतका राग आला
की ते मी अकरा वेळा ऐकलं.
चुकीचं म्हणे!
चौदा वर्षं एका गादीवर झोपलेय मी
त्या शिंकेच्या शेजारी.
मग घड्याळ लावून मोजलं,
त्याचं आणि माझं,
म्हणजे माझ्या आठवणीतलं आणि माझ्या घशातलं.
अर्ध्या सेकंदानं तो बरोबर होता.

उत्तर लिहिलं, पुसलं.
अंगठा दाखवला, तोही पुसला.

आज दुपारी धोंडूला पुन्हा सर्दी.
दिवा लाल झाला.
एक, दोन, तीन.
थांबले.
इम्तियाज भुवया उंचावून बघत होता,
पडद्यावर साळिंदराचं तोंड उघडून कधीच मिटलं होतं,
तरी मी थांबले, आधीपेक्षाही जास्त,
महिन्याभरानं हे लागेल तेव्हा
विक्रोळीत एक माणूस ताटावरून ताडकन उठेल
आणि फोन शोधेल, एवढा वेळ.

मग चौथी.